गोळीला जोड निरोधची

गौरी-गणपतीचे दिवस. कोथरूडला राहणारी सून मुलांना घेऊन चार दिवसांसाठी सासरच्या गावी जाते. पिशवीत साड्या येतात, मुलांचे कपडे येतात, नैवेद्याचे सामान येते. गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट मात्र पुण्याच्या घरी कपाटाच्या खणातच राहते. चार दिवसांनी परतल्यावर ते हाती लागते, तेव्हा प्रश्न पडतो. राहिलेल्या चारही गोळ्या एकदम घ्यायच्या का? पाकीट टाकून नवे सुरू करायचे का? की काहीच झाले नाही असे समजून आजची गोळी घ्यायची?

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. बाईंनी विचारले तर सासूबाई एक सांगतात, मैत्रीण दुसरेच सांगते आणि औषधाच्या दुकानातला मुलगा तिसरेच काहीतरी हातावर ठेवतो. खरे उत्तर सोपे आहे. शेवटची राहिलेली एक गोळी लगेच घ्यावी, बाकीच्या राहिलेल्या सोडून द्याव्यात, पुढच्या गोळ्या नेहमीच्या वेळी चालू ठेवाव्यात आणि सलग सात दिवस निरोध वापरावा. यातला शेवटचा भाग बहुतेक घरांत गळतो. गोळी चालू असताना निरोध कशाला, असे वाटते. या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर बऱ्याच नको असलेल्या गर्भधारणा टळू शकतात. आजारही टळू शकतात.

सात दिवसांचे गणित

सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी माला-एन आणि नाममात्र किमतीची माला-डी या दोन्ही गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या गटांतली संप्रेरके असतात. २८ गोळ्यांच्या पाकिटात पहिल्या २१ गोळ्या संप्रेरकांच्या असतात. उरलेल्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. त्या रक्तवाढीसाठी आणि रोज गोळी घेण्याची सवय मोडू नये म्हणून दिलेल्या असतात.

संप्रेरकांच्या गोळ्या मेंदूतील पियुषिका ग्रंथीकडून बीजांडकोशाला जाणारा संदेश दाबून ठेवतात. संदेश नाही, म्हणून बीज पिकत नाही आणि बाहेरही पडत नाही. बीजांडकोश असा पूर्ण शांत व्हायला सुमारे सात गोळ्या सलग पोटात जाव्या लागतात. एकदा शांत झाला, की सात दिवस संप्रेरक मिळाले नाही तरी तो लगेच जागा होत नाही. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात पाळी येऊन जाते आणि तरीही संरक्षण टिकते, ते याच कारणाने. पण ही सात दिवसांची सवलत म्हणजे शेवटची मर्यादा आहे. आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशीही संप्रेरक मिळाले नाही, तर एखादे बीज पिकू लागते.

म्हणून पाकिटातली सगळ्यात धोक्याची विसर कोणती, याचे उत्तर अनेकींना चकित करते. मधल्या आठवड्यातली एखादी गोळी राहिली तर फारसे बिघडत नाही. लोहाची गोळी राहिली तर गर्भधारणेच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. मात्र नवे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झाले, तर सात दिवसांची सुटी नऊ-दहा दिवसांची होते. पाळी नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे धोका मनातही येत नाही. "दुकान बंद होते, सोमवारी आणू" हे वाक्य म्हणूनच महागात पडू शकते.

एक गोळी राहिली तर ती आठवताच घ्यावी, मग त्या दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालते. अशा वेळी निरोधची गरज नसते. दोन किंवा अधिक गोळ्या सलग राहिल्या, तर वर सांगितल्याप्रमाणे सात दिवस निरोध वापरावा. ही विसर संप्रेरकाच्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल, तर लोहाच्या गोळ्या न घेता थेट नवे पाकीट सुरू करावे, म्हणजे दोन खंड जोडले जात नाहीत. पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि मागच्या पाच दिवसांत निरोधशिवाय संबंध आला असेल, तर आपत्कालीन गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे.

गोळी नव्याने सुरू करतानाही हाच नियम लागू होतो. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर संरक्षण लगेच मिळते. इतर कोणत्याही दिवशी, गर्भ नसल्याची खात्री करून, सुरू करता येते. पण तेव्हा पहिले सात दिवस निरोध हवा. फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या गोळ्यांसाठी हा काळ दोन दिवसांचा असतो.

गोळी पोटात गेली, पण टिकली का?

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ येते. गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी अंगी लागली नाही असे धरून दुसरी घ्यावी. जोराचे जुलाब किंवा उलट्या दोन दिवस चालल्या, तर तेवढ्या गोळ्या राहिल्या असे समजावे आणि बरे वाटल्यानंतर सात दिवस निरोध वापरावा.

सणासुदीचा आणखी एक गोंधळ महाराष्ट्रातल्या घरोघरी दिसतो. पूजा, लग्न किंवा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली जाते. तिच्यात नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. तेही संप्रेरकच, म्हणून त्या दिवसांत गर्भही राहणार नाही असा समज असतो. तो चुकीचा आहे. पाळी लांबवण्यासाठी दिलेल्या या गोळीवर गर्भनिरोधनासाठी भिस्त ठेवता येत नाही. त्या दिवसांत निरोध हवाच. जी स्त्री आधीपासून माला-एन घेत आहे, तिला तर वेगळ्या गोळीची सहसा गरजच नसते. लोहाच्या गोळ्या सोडून दुसऱ्या पाकिटातल्या संप्रेरकाच्या गोळ्या लगेच सुरू केल्या, की पाळी आपोआप पुढे जाते.

क्षयाची औषधे आणि यकृत

गोळी न चुकता, वेळेवर घेऊनही ती निकामी ठरावी असे एक कारण आपल्याकडे नेहमी आढळते. ते म्हणजे क्षयरोगाचे औषध रिफॅम्पिसिन. लघवीला केशरी रंग आणणारे हे औषध क्षयाच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात रोज दिले जाते. ते यकृतातील काही विकरांना इतके जोमाने कामाला लावते, की गोळीतील संप्रेरके रक्तात पुरेशी टिकतच नाहीत. बाई गोळी घेत असते, पाकीट संपत असते, आणि बीजांडकोश मात्र जागा असतो.

उपचार संपला तरी यकृत लगेच पूर्वपदावर येत नाही. त्याला सुमारे चार आठवडे लागतात. म्हणजे सहा महिन्यांचा उपचार आणि वर एक महिना इतका काळ गोळीवर विसंबता येत नाही. दंडात बसवल्या जाणाऱ्या संप्रेरकाच्या कांडीचा परिणामही कमी होऊ शकतो. इतका मोठा काळ फक्त निरोधवर काढण्यापेक्षा तांबी बसवणे किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन हे चांगले पर्याय आहेत, कारण त्यांच्या परिणामात रिफॅम्पिसिनमुळे घट होत नाही. गोळी बदलून दुसरा उपाय सुरू होईपर्यंत निरोध हा पूल असतो.

इथे घरातल्या निरोगी माणसांचाही विचार करायला हवा. क्षयरुग्णाच्या कुटुंबीयांना आजार होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध दिले जाते. त्यातील एका पद्धतीत आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही औषधे आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घेतात. रिफापेंटिन हे रिफॅम्पिसिनचे भावंड, गुण तोच. सासऱ्यांना क्षय झाला म्हणून प्रतिबंधक औषध घेणाऱ्या सुनेची गर्भनिरोधक गोळीही त्यामुळे निष्प्रभ होऊ शकते. ती स्वतः आजारी नसते, म्हणून हा प्रश्न तिला कोणी विचारण्याची शक्यता कमी. तिनेच सांगितले पाहिजे.

फिट्ससाठी दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन ही औषधेही याच वाटेने गोळीचा परिणाम कमी करतात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटे घडते. गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तातील लॅमोट्रिजिन कमी होते आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. घसादुखी-तापासाठी दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी मात्र गोळीचा परिणाम कमी होत नाही. त्यांच्यामुळे जुलाब झाले तरच काळजी घ्यावी.

पुण्यातल्या ९१६ स्त्रिया

आतापर्यंतची सगळी कारणे गर्भधारणेची होती. निरोधची जोड हवी, याचे दुसरे कारण पुण्यानेच वैद्यकीय जगाला दाखवून दिले.

भोसरीला १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ५२५ वेश्याव्यवसायातील होत्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात एचआयव्हीचा संसर्ग ४९.९ टक्के स्त्रियांना आढळला. वैद्यकीय जगाला हादरवणारा आकडा दुसऱ्या गटाचा होता, १३.६ टक्के. या गटातल्या बहुतेक जणी विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कोणाशी संबंध नव्हता. १९९७ च्या अखेरीस हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या आकड्यांचा अर्थ जपून लावायला हवा. या सगळ्या जणी काही ना काही तक्रार घेऊन गुप्तरोग चिकित्सालयात आलेल्या होत्या. शहरातल्या सगळ्या विवाहित स्त्रियांचे ते प्रमाण नव्हे. तेव्हापासून परिस्थितीही खूप सुधारली आहे. देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण आता सुमारे ०.२ टक्के आहे आणि सरकारी केंद्रांत उपचार मोफत मिळतात. पण त्या अभ्यासाने एक गोष्ट पक्की केली, ती आजही बदललेली नाही. स्त्रीचे स्वतःचे वागणे कितीही चोख असले, तरी तिचा धोका तिच्या एकटीच्या वागण्यावर ठरत नाही.

गोळी, इंजेक्शन, तांबी, शस्त्रक्रिया यांपैकी कोणताही उपाय जंतूंना अडवत नाही. त्यांचे ते कामच नाही. एचआयव्ही तर सोडाच, परमा आणि क्लॅमिडिया यांसारखे संसर्ग अनेक स्त्रियांमध्ये काहीही लक्षण न दाखवता आत पसरतात, गर्भनलिकांना सूज आणतात आणि पुढे मूल हवे असते तेव्हा नलिका बंद झालेल्या आढळतात. मूल लांबवण्यासाठी गोळी घेणाऱ्या नवविवाहितेच्या बाबतीत तर हा विरोधाभासच होतो. गोळी बंद केली की गर्भधारणेची क्षमता परत येते. न कळलेल्या संसर्गाने मात्र ती कायमची जाऊ शकते. हे संसर्ग अडवणारे, हाताशी असलेले साधन निरोध हेच. गोळी आणि निरोध यांच्या एकत्र वापराला वैद्यक दुहेरी संरक्षण म्हणते ते यासाठीच.

आधी निरोध, मग गोळी

इतिहासात हा क्रम उलटा होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथ कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा गर्भनिरोधक गोळी जगात कुठेच नव्हती. ती अमेरिकेत १९६० साली आली. कर्व्यांच्या काळात साधने होती ती अडथळ्याचीच. पुरुषासाठी निरोध, स्त्रीसाठी रबरी टोपी. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते संततिनियमन आणि गुप्तरोग हे दोन्ही विषय उघडपणे मांडत राहिले. पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून हेच काम हाती घेतले. १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या आणि कुटुंबनियोजनाच्या कामासाठी १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

गोळी आली, तांबी आली, शस्त्रक्रिया सोपी झाली आणि अडथळ्याची साधने मागे पडली. त्याबरोबर पुरुषाचा वाटाही मागे पडला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. गोळीचा वापर ५.१ टक्के, निरोधचा ९.५ टक्के. नसबंदी सोडली तर पुरुषाच्या हाती असलेला भरवशाचा उपाय निरोध एवढाच आहे. आणि नसबंदीनंतरही पहिले तीन महिने, वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसेपर्यंत, जोड लागते ती निरोधचीच.

अडचण इथेच आहे. गोळी बाई एकटी घेऊ शकते, कोणाला न सांगताही. निरोधसाठी नवऱ्याची तयारी लागते. "गोळी चालू आहे ना, मग हे कशाला?" असे तो म्हणतो आणि बाई गप्प बसते. कधी कधी निरोधचा विषय काढणे म्हणजे संशय घेणे असेही मानले जाते. यावर एक उपाय म्हणजे हा विषय गोळी सुरू करतानाच काढणे. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी नवऱ्यालाही बोलवावे आणि विसरलेल्या गोळ्यांचे, उलट्यांचे, इतर औषधांचे नियम दोघांसमोर सांगावेत. गोळीबरोबर निरोधचे पाकीटही द्यावे. मग सात दिवसांचा निरोध हा डॉक्टरांनी सांगितलेल्या उपचाराचा भाग ठरतो. तो कोणावरचा आरोप राहत नाही.

दोन्ही का, एकच चांगले का नाही?

अमेरिकेतील पाहण्यांवरून काढलेले आकडे असे आहेत. अगदी न चुकता गोळी घेतली, तर वर्षभरात हजारांपैकी तीन स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्ष घरातल्या वापरात, म्हणजे विसर, उशीर, आजारपण धरून, शंभरांपैकी सुमारे सात जणींना राहतो. निरोधचे हेच आकडे शंभरांत दोन आणि तेरा असे आहेत. दोन्ही साधने माणसाच्या हातून चुकतात, पण दोन्ही एकाच वेळी चुकण्याची शक्यता बरीच कमी. गोळी विसरणे ही सवयीची चूक, निरोध फाटणे ही वापरातली चूक. एकाच्या चुकीला दुसरा सावरून धरतो.

मात्र निरोध नीट वापरला तरच. त्याचे रबर तेलाने काही मिनिटांत कमकुवत होते. खोबरेल तेल आणि व्हॅसलीन त्याच्यासोबत कधीच वापरू नये. दुचाकीच्या डिकीत किंवा खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला निरोध उष्णतेने आणि घासून खराब होतो. एकावर एक दोन वापरल्याने संरक्षण वाढत नाही, उलट फाटण्याचा धोका राहतो. पाकिटावरची मुदत वापरण्यापूर्वी पाहावी.

तरीही चूक झालीच, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर तिचा नेहमीचा डोस पुरत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. आपत्कालीन गोळीनंतर नेहमीची गोळी पुन्हा सुरू केली, तरी सात दिवस निरोध हवाच. पाळी लांबली, किंवा त्या संबंधाला तीन आठवडे उलटून गेले, तर लघवीची तपासणी करून खात्री करावी. गर्भ राहिलाच, तर साधन निकामी ठरणे हे कारण गर्भपाताच्या कायद्याला मान्य आहे. २०२१ मधील दुरुस्तीनंतर ते फक्त विवाहित जोडप्यांपुरते राहिलेले नाही आणि या कारणासाठी २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. चोरून गोळ्या घेण्याची किंवा भोंदूकडे जाण्याची गरज नाही.

लक्षात ठेवावे असे

- संप्रेरकाच्या दोन किंवा अधिक गोळ्या सलग राहिल्या, किंवा नवे पाकीट दोन दिवस उशिरा सुरू झाले, तर सात दिवस निरोध.
- जुलाब-उलट्या दोन दिवस चालल्या, तर बरे झाल्यावर सात दिवस निरोध.
- क्षयाची किंवा क्षयप्रतिबंधक औषधे सुरू होताना गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. दुसरा उपाय सुरू होईपर्यंत निरोध, आणि औषधे संपल्यावरही चार आठवडे गोळीवर विसंबू नये.
- अंतरा इंजेक्शनला ठरलेल्या तारखेपासून चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला, तर गर्भ नसल्याची खात्री करून इंजेक्शन घ्यावे आणि पुढे सात दिवस निरोध.
- आठवड्याच्या छाया गोळीत संप्रेरक नसते, पण ती घ्यायला उशीर झाला तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. उशीर सात दिवसांपेक्षा जास्त असेल, तर पहिल्यापासून, म्हणजे तीन महिने आठवड्यातून दोनदा, अशी सुरुवात करावी.
- संसर्गाची थोडीही शंका असेल, तर गोळी कितीही नियमित असली तरी प्रत्येक वेळी निरोध, आणि दोघांचीही तपासणी.
- रक्तदाब, अर्धशिशी, रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास असेल, वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इस्ट्रोजेनयुक्त गोळी स्वतःहून सुरू करू नये.

माला-एन, छाया, अंतरा आणि निरोध ही साधने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात मोफत मिळतात. खेड्यात आशाताईंकडे गोळ्या आणि निरोध मागता येतात. गावी जाताना पिशवीत पाकीट ठेवायची आठवण ज्याला राहील त्याने ठेवावे, बायकोने किंवा नवऱ्याने. आणि पाकिटाशेजारी निरोधही ठेवावा.